'विसंवाद' म्हणजे बोलणं बंद, की सूर न जुळणं?

पाटीबहाद्दर

सोसायटीच्या फलकापासून अग्रलेखापर्यंत 'विसंवाद' हा शब्द सढळ हाताने वापरला जातो. नमुन्यादाखल हे वाक्य घ्या. पुण्यातल्या कुठल्याही गृहरचना संस्थेच्या नोटिशीत खपून जाईल:

"पार्किंगच्या प्रश्नावरून सभासदांत विसंवाद निर्माण झाला असून तो दूर करण्यासाठी रविवारी सकाळी १० वाजता सभा बोलावण्यात येत आहे."

आता संवाद म्हणजे बोलणं. 'वि' लागला की ते नाहीसं होणार. म्हणजे विसंवाद = बोलणं नसणं. पण पार्किंगवरून लोक कमी नाही, जास्तच बोलतात! मग शब्द चुकला का? आणि चुकला असेल तर तिथे काय हवं: बेबनाव, विसंगती, बेदिली, वितुष्ट, तेढ? यांच्यात नेमका फरक काय? जाणकारांनी उजेड पाडावा.

आळशी_बोका

पार्किंगवरून जे होतं त्याला विसंवाद म्हणत नाहीत. त्याला 'चाकातली हवा सोडणे' म्हणतात.

कोशकीटक

पाटीबहाद्दर, गोंधळ 'वि'चा नाही, 'संवाद'चा आहे.

संवाद म्हणजे गप्पा हा आज रुळलेला अर्थ. संस्कृतात सम् + वद्, म्हणजे मिळून बोलणं, एकसारखं बोलणं, आणि त्यावरून जुळणं, मिळतंजुळतं असणं. साहित्यशास्त्रात एका कवीची कल्पना दुसऱ्याच्या कल्पनेशी जुळली तर त्यालाही संवाद म्हणतात. आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' या आपल्या काव्यशास्त्रावरच्या ग्रंथाच्या शेवटच्या उद्योतात (प्रकरणात) त्याचे तीन प्रकार केलेत: आरशातल्या प्रतिबिंबासारखा, चित्रासारखा आणि दोन सारख्या दिसणाऱ्या माणसांसारखा. तिथे कोणी कोणाशी बोलत नाही.

त्यामुळे विसंवाद म्हणजे न जुळणं. न्याय आणि बौद्ध तर्कशास्त्रात तर हा रोजच्या वापरातला शब्द. धर्मकीर्ती खऱ्या ज्ञानाला 'अविसंवादी' म्हणतो, म्हणजे जे वस्तुस्थितीशी फटकून जात नाही ते. लांबून पाणी दिसलं, जवळ गेल्यावर मिळालं, तर ते ज्ञान अविसंवादी. मृगजळ निघालं तर विसंवादी.

'वि'चं म्हणाल तर तो दोन्ही कामं करतो. विफल, विमल यांत अभाव आहे. वियोग, विसंगती यांत दूर जाणं आहे. विसंवादातला 'वि' दुसऱ्या जातीचा.

धाकटी_वेलांटी

कोशकीटक, हे सगळं मान्य. पण नोटीस वाचणारा धर्मकीर्तीला विचारायला जाणार नाही. आज 'नागरिकांशी संवाद', 'संवाद यात्रा', 'पालक-शिक्षक सुसंवाद' हे सगळं बोलण्याबद्दलच असतं. मग त्याच वाचकाने विसंवाद मात्र जुन्या अर्थाने घ्यावा ही अपेक्षा जास्त आहे. शब्दाचा अर्थ वापराने ठरतो, व्युत्पत्तीने नाही. तसं नसतं तर 'शिक्षा' म्हणजे मराठीतही शिक्षणच राहिलं असतं.

आळशी_बोका

काही शाळांत अजूनही आहे.

कोशकीटक

वेलांटी, वापरच बघू. 'विसंवादी सूर' हा शब्दप्रयोग रोज छापून येतो. पक्षाच्या बैठकीत विसंवादी सूर उमटला, म्हणजे कोणीतरी गप्प बसलं असा अर्थ तुम्ही तरी घेता का? उलट, कोणीतरी बोललं आणि ते बाकीच्यांशी जुळलं नाही. न बोलण्यासाठी मराठीत स्वतंत्र शब्द आहेत: अबोला, बोलणंचालणं बंद. सरकारी भाषेत हवं असेल तर 'संवादाचा अभाव'. एवढी सोय असताना विसंवादाला त्या कामाला का जुंपायचं?

साधी कसोटी: 'दोघांच्या बोलण्यात विसंवाद आहे' हे वाक्य चालतं. 'दोघांच्या बोलण्यात अबोला आहे' चालत नाही. विसंवादाला दोन्ही बाजूंचा आवाज लागतो.

खर्जातला

शेवटचं वाक्य आवडलं, कारण संगीतात ते शब्दशः खरं आहे. एक तार वाजवून विसंवाद होत नाही.

पण एक दुरुस्ती. शास्त्रात संवादीच्या विरुद्ध शब्द 'विसंवादी' नाही, 'विवादी' आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात चार नावं येतात: वादी, संवादी, अनुवादी, विवादी. ज्या दोन स्वरांत ९ किंवा १३ श्रुतींचं (श्रुती म्हणजे सुरांमधलं बारीक अंतर मोजायचं माप) अंतर ते एकमेकांचे संवादी. म्हणजे आजच्या भाषेत षड्ज-मध्यम आणि षड्ज-पंचम. ज्यांच्यात २ श्रुतींचंच अंतर ते विवादी. षड्जग्राम या जुन्या स्वररचनेत अशा जोड्या दोन: रिषभ-गंधार आणि धैवत-निषाद.

पुढे विवादीचा अर्थ बदलला. आता रागाबाहेरचा, पण जपून वापरला तर शोभा आणणारा स्वर तो विवादी. केदार रागात अवरोहात (वरून खाली येताना) कोमल निषादाचा जरासा स्पर्श करतात तो असा. मुक्काम केला की राग गेला. म्हणजे गवयाच्या भाषेत 'विवादी' ही शिवी नव्हेच.

रोजच्या बोलण्यात तर गवई यांतला कुठलाच शब्द वापरत नाहीत. ते म्हणतात बेसूर, नाहीतर कणसूर. उघड चुकलेला तो बेसूर. केसभर कमी किंवा जास्त, पण कानाला खुपतो तो कणसूर. बेसूर कोणालाही कळतो, कणसूर ओळखायला कान तयार लागतो.

नारायण_पेठ_३०

खर्जातले, तो कणसूर ओळखायचा कसा, ते तंबोऱ्यावर सांगा की. अवांतर झालं तर संपादक बघून घेतील.

खर्जातला

अवांतर नाही, मूळ मुद्दाच आहे. विसंवाद चक्क मोजता येतो.

तंबोऱ्याच्या चार तारा: मंद्र पंचम (किंवा मध्यम), मग जोडीच्या दोन तारा मध्य षड्जाच्या आणि शेवटी खर्ज, म्हणजे खालचा षड्ज. जोडीच्या तारा एकामागून एक छेडा. समजा एक सेकंदाला २४० कंपनांवर आहे आणि दुसरी २४२ वर. दोन स्वर वेगळे ऐकू येणार नाहीत. एकच आवाज येईल, पण तो सेकंदाला २ वेळा फुगेल आणि बसेल, वांव-वांव असा. २४१ वर आणलीत की सेकंदाला एकदा. जसजशी जवळ याल तसतशी लाट लांब होत जाते आणि जुळली की थांबते. म्हणजे 'तारा मिळाल्या'.

खुंटीने मोठा फरक काढायचा, मण्याने बारीक. मणी घोडीच्या, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीच्या, खालच्या बाजूला असतो. तो घोडीपासून दूर, तारा बांधल्या आहेत त्या टोकाकडे सरकवला की तार ताणते आणि सूर चढतो. घोडीकडे आणला की उतरतो. नवशिक्यांची चूक ठरलेली: मणी आधीच एका टोकाला नेऊन ठेवतात आणि मग सरकवायला जागा उरत नाही. मणी मध्यावर ठेवून आधी खुंटीने जवळ यावं.

जवारीचा, म्हणजे तारेच्या आवाजाला गुंजन आणणारा, धागा सर्वांत शेवटी. घोडीवर तारेखालचा तो सुताचा तुकडा हलकेच मागेपुढे करत राहायचं. एका जागी आवाज एकदम खुलतो, त्याच्या पुढेमागे मिटतो. सूर लावायच्या आधी धागा लावला तर तार पिळल्यावर ती जागा हलते आणि सगळं पहिल्यापासून.

आळशी_बोका

म्हणजे इथेही धागा नीट बसला तरच चर्चा खुलते. वाखुसा (वाचनखूण साठवली).

पेटीमास्तर

खर्जातले, पेटीचं राहिलं. विसंवादाचं सर्वांत चांगलं उदाहरण तीच, आणि वाजवणाऱ्याचा काही दोष नसताना.

सोयीसाठी मध्य षड्ज २४० धरू. शुद्ध पंचम ३६० येतो. समान अंतराच्या सुरांवर लावलेल्या पेटीत तो ३५९.६ च्या आसपास असतो. कान माफ करतो. पण गंधार? तंबोऱ्याचा खर्ज १२० वर असेल तर त्याच्या पाचव्या उपस्वरात ६०० चा तार गंधार आपोआप ऐकू येतो. स्वयंभू गंधार म्हणतात तो हाच. पेटीचा तार गंधार येतो ६०४.८ वर. म्हणजे यमन रागात गवई गंधारावर थांबला की तंबोरा एक सांगतोय, पेटी दुसरं, आणि मध्ये सेकंदाला जवळजवळ ५ लाटा. गवयाने कोणाकडे जायचं?

आकाशवाणीने १९४० मध्ये पेटी बंद केली त्यामागचा एक आक्षेप हाच होता (दुसरा मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही हा). १९७१ पासून ती बंदी टप्प्याटप्प्याने सैल झाली. उपाय माहीत असलेलेच: गंधारावर मुक्काम असताना पेटीने तो सूर धरून ठेवायचा नाही, षड्ज-पंचमावर राहायचं, नाहीतर पेटीतली गंधाराची पितळी पत्ती घासून, कानाने जुळवत, सूर उतरवून घ्यायचा. तशी घासलेली पेटी मग एकाच पट्टीच्या गवयाला चालते.

धाकटी_वेलांटी

वाचायला मजा आली, पण यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो. वाजवणारी माणसं 'लाट', 'कणसूर', 'मिळाल्या' म्हणतात. विसंवाद हा लिहिणाऱ्यांचा शब्द आहे.

टिपरू

ढोलवाल्यांकडून भर. तिथे सूर नाही, ताल. शब्द 'बेताल', आणि रस्त्यावरच्या भाषेत 'हात फुटला'.

मोठ्या पथकात हात फुटण्याचं कारण बहुतेक वेळा वादक कच्चा असणं नसतं. रांग लांब असणं असतं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पुढच्या ताशापासून शेवटचा ढोल ४० मीटरवर असेल तर त्याला ताशा ०.१२ सेकंद उशिरा ऐकू येतो. मिनिटाला १२० ठोक्यांची लय धरली तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे मागचा जवळजवळ पाव ठोका मागे. त्याने ऐकून वाजवलं, की त्याचा आवाज पुढे पोचायला आणखी ०.१२ सेकंद. पुढच्याला तो अर्धा ठोका मागे वाटतो. मग पुढचा थांबतो, मागचा आणखी थांबतो, आणि लय मंदावत जाते.

उपाय: मागच्यांनी कानाने नाही, डोळ्यांनी वाजवायचं. हात वर करून इशारा देणारा सर्वांना दिसला पाहिजे, आणि ताशे एका टोकाला न ठेवता मध्ये. पावसात चामड्याचं पान सैल पडतं ते वेगळं. त्याला दोरी आवळणं हाच उपाय.

नारायण_पेठ_३०

म्हणजे प्रत्येकजण आपापल्या जागी बरोबर, आणि तरीही जुळत नाही. ही विसंवादाची व्याख्या झाली की हो!

रोजकीर्द

हिशेबवाल्यांनाही बोलू द्या. आमच्याकडे शब्द 'मेळ'. रोकड मेळ बसत नाही, म्हणजे वहीत एक आणि गल्ल्यात दुसरं. 'ताळमेळ'मधल्या ताळ्याबद्दल, म्हणजे अंकांची बेरीज करून हिशेब तपासायच्या रीतीबद्दल, सांगतो, कारण शाळांतून तो हद्दपार झालाय.

३४७ × २६ = ९०२२. ताळा करायचा: ३+४+७=१४, १+४=५. २+६=८. पाच आठे चाळीस, ४+०=४. उत्तराचे ९+०+२+२=१३, १+३=४. जुळलं.

पण फसतो कुठे? आकड्यांची अदलाबदल झाली तर. ९०२२ ऐवजी ९२०२ लिहिलं तरी ताळा ४ च येतो. म्हणून खतावणी जुळत नसेल तेव्हा आधी फरकाला ९ ने भागून बघतात. ९२०२ − ९०२२ = १८०, नवाने निःशेष. भाग गेला की संशय अदलाबदलीवर.

आणि हो, याला विसंवाद म्हणत नाहीत. दोन नोंदी जुळत नाहीत ती 'विसंगती' किंवा 'तफावत'. आकड्यांत फरक असेल तर तफावत, विधानांत असेल तर विसंगती. माणसांत तफावत नसते. (वयात असते.)

मोडीत_काढलेला

फारसी बाजू कोणीच घेतली नाही म्हणून.

बेबनाव = बे + बनाव. आज बनाव म्हटलं की 'अपहरणाचा बनाव' आठवतो, त्यामुळे नव्या वाचकाला बेबनाव म्हणजे प्रामाणिकपणा वाटला तर नवल नाही. इथला बनाव जुना, जमण्या-जुळण्याचा. 'त्यांचं बनत नाही'मधला. बेबनावाला आधी बनलेलं असावं लागतं. दोन अनोळखी माणसांत बेबनाव होत नाही.

बेदिली वेगळी. बे-दिल, मन नसलेला, खचलेला. ती फौजेत, संघटनेत, कारखान्यात माजते. तिला एक समूह आणि त्याचा एक कारभारी लागतो. नवरा-बायकोत बेबनाव होईल, बेदिली नाही.

आणि पुण्यात बसून हा विषय निघालाय तर 'बारभाई' हवेतच. १७७४ मध्ये नाना फडणवीस, सखारामबापू वगैरे मंडळींनी राघोबादादांविरुद्ध एकजूट केली ती बारभाई. कट यशस्वी झाला, सवाई माधवरावांची पेशवाई उभी राहिली. तरी भाषेत उरलं काय? 'बारभाई कारभार', म्हणजे कोणाचा कोणाला मेळ नाही असा. म्हणीने मंडळींवर अन्यायच केला.

कोशकीटक

पूर्ण अन्याय नाही. पुढे नाना आणि सखारामबापू यांच्यातच वितुष्ट आलं आणि बापू कैदेत गेले.

मोडीत_काढलेला

तिथे बेबनाव की वितुष्ट?

कोशकीटक

बेबनाव झाला, त्याचं वितुष्टात रूपांतर झालं. बेबनाव मिटू शकतो. वितुष्टात मन कडू झालेलं असतं.

छापखाना

बातमीच्या टेबलावर हे शब्द क्रियापदावरून ओळखतात. एक शब्द दुसऱ्याच्या क्रियापदाला लावला की उपसंपादकाला लगेच खटकतं:

बेबनाव *होतो*. वितुष्ट *येतं*. तेढ *निर्माण होते*. फूट *पडते*. दुही आणि बेदिली *माजते*. खटका *उडतो*. कुरबुर *चालू असते*. विसंवाद *असतो* किंवा *जाणवतो*. 'विसंवाद झाला' हे कानाला बरं लागत नाही, कारण विसंवाद ही स्थिती आहे, घटना नाही. मूळ वाक्यातलं 'निर्माण झाला' त्यामुळेच ओढूनताणून वाटतं.

तेढ हा शब्द जपून वापरावा. तो दोन गटांत, दोन समाजांत असतो, आणि त्याला कायद्याचा वास आहे. समाजांत तेढ निर्माण करण्याचा गुन्हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम १५३अ खाली होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली. दोन शेजाऱ्यांच्या गॅलरीतल्या कुंड्यांवरून 'तेढ' लिहू नये. त्याला 'वाद' पुरतो.

उलट बाजूचा सरकारी शब्द 'सलोखा'. महसूल खात्याची २०२३ पासूनची सलोखा योजना आहे ना, तीच: एकाची जमीन दुसऱ्याच्या वहिवाटीत आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, किमान १२ वर्षं असेल तर नाममात्र शुल्कात अदलाबदल. त्या योजनेला 'सुसंवाद योजना' म्हटलं असतं तर लोक भाषणाला आले असते.

धाकटी_वेलांटी

छापखाना, क्रियापदांची यादी पटली. विसंवादाबाबत मी अर्धी माघार घेते. अर्धीच.

पोरगं_पेठेतलं

एवढ्या चर्चेत कोणी बोली मराठी बोललंच नाही. पटत नाही. बिनसलंय. फाटलंय. फिसकटलं. वाकडं आलं. संपलं!

मोडीत_काढलेला

पोरा, तेही एकसारखे नाहीत. माणसांचं बिनसतं, बोलणी फिसकटतात. लग्नाची बोलणी फिसकटली म्हणतात, बिनसली म्हणत नाहीत.

आणि 'छत्तीसचा आकडा' विसरलास. तो देवनागरीत लिहिला की दिसतो. ३ आणि ६ शेजारी लिहून बघ: ३६. दोघांची पाठ एकमेकांकडे. ६३ लिहिलं की समोरासमोर. मोबाइलवर इंग्रजी आकडे टाइप करून ही म्हण कळायची नाही.

आळशी_बोका

आत्ताच कागदावर लिहून बघितलं. बायकोने विचारलं काय लिहितोयस. सांगितलं नाही.

पाटीबहाद्दर

सर्वांचे आभार. मग नोटिशीत विसंवाद काढून 'मतभेद' घालतो:

"पार्किंगच्या प्रश्नावरून सभासदांत मतभेद असल्याने त्यावर निर्णय घेण्यासाठी रविवारी सकाळी १० वाजता सभा बोलावली आहे."

रोजकीर्द

थांबा. मतभेद आहेत की कागदच जुळत नाही? आखलेल्या जागा किती आणि वाटलेल्या किती?

पाटीबहाद्दर

उदाहरण काल्पनिक आहे हो. पण धरा, आखलेल्या ४२, वाटलेल्या ४५.

रोजकीर्द

मग मतभेद कसले? ४+२=६, ४+५=९. ताळाच जुळत नाही. 'वाटपातील तफावत' लिहा.

छापखाना

"आखलेल्या ४२ आणि वाटलेल्या ४५ जागांतील तफावतीबाबत निर्णय घेण्यासाठी रविवारी सकाळी १० वाजता सभा." बाकी सगळं काढा. फलकावर जागा कमी असते.

धाकटी_वेलांटी

आणि सभेत जे होईल त्याला?

टिपरू

हात फुटणं.

कोशकीटक

चालेल. पण 'पार्किंग'ला 'वाहनतळ' का नको?

नारायण_पेठ_३०

त्यासाठी वेगळा धागा काढा. इथे नको.